हरकत घेणाऱ्याचं काम

धाकट्या बहिणीला आमच्या गटात मीच आणलं, त्यामुळे बोलायची सोय नाही. अंध माणसांना मजकूर वाचून दाखवणारा एक मोफत प्रोग्रॅम आम्ही काही हौशी मंडळी मिळून चालवतो. दिवसा मी विम्याच्या कचेरीत राबते आणि उरलेला जीव इथे घालते. पगार कुणालाच नाही, म्हणून मान तेवढा हवा असतो. माझा मान म्हणजे माझा आवाज. प्रोग्रॅम सुरू केला की आपोआप लागतो तो. वडिलांची, म्हणजे अप्पांची, नजर गेली तेव्हा त्यांच्यासाठीच मी शेकडो वाक्यं रेकॉर्ड केली होती; त्यांवरून प्रोग्रॅम कुठलाही मजकूर माझ्या आवाजात वाचतो. ते रोज सकाळी माझ्याकडून बातम्या ऐकतात, मी घरात नसले तरी.

धाकटी बालवर्गाला शिकवते. गटात आली आणि महिन्याभरात सगळ्यांची लाडकी झाली. भांडणाऱ्यांना शांत करते, नवख्यांना सांभाळून घेते. मी वर्षानुवर्षं चुका दुरुस्त केल्या तर कुणी साधं शाबास म्हटलं नाही. हिने नुसतं 'छान झालंय' लिहिलं की लोक विरघळतात. लहानपणीही हेच होतं. घर मी आवरायचे आणि पाहुणे हिचे गाल ओढायचे.

मग बैठका चालवणाऱ्या दंतवैद्यांनी प्रस्ताव मांडला की आपोआप लागणारा आवाज यापुढे धाकटीचा असावा. आमच्याकडे मतदान नसतं. प्रस्ताव आठवडाभर ठेवायचा, कुणी बोललं नाही तर तो मंजूर. हरकत घेणाऱ्याने पटेल असं कारण द्यायचं, आणि हरकत टिकली नाही तर प्रस्तावातलं राहिलेलं सगळं काम त्यानेच उरकायचं. उगाच फाटे फोडणाऱ्यांना वैतागून हा नियम मीच करून घेतला होता.

आठवडाभर सगळे गप्प. माझा मात्र जळफळाट. अप्पांच्या सकाळीसुद्धा आता हिच्याच का? शेवटच्या दिवशी मी हरकत घेतली. कारण चोख होतं. आपली माणसं वाचनाचा वेग खूप वाढवून ऐकतात, आणि तिचा मऊ आवाज त्या वेगात गिचमिड होईल. दंतवैद्य म्हणाले, तपासून पाहू. दोन्ही आवाजांचे नमुने वेग वाढवून, नावं न सांगता, रोज वापरणाऱ्यांना ऐकवले. त्यांत अप्पाही होते. त्या वेगात पोटची पोरसुद्धा ओळखू येत नाही.

"पहिला चिरका आहे," अप्पा म्हणाले. "दुसरा ठेवा. कान दुखत नाहीत."

पहिला माझा होता. बाकीच्यांचंही मत तेच पडलं. धाकटीने मला लगेच फोन केला, मी तो घेतला नाही.

राहिलेलं काम म्हणजे तिने घरी रेकॉर्ड केलेल्या वाक्यांची साफसफाई. खोकला, खुर्चीची करकर, बाहेरचे भोंगे कापायचे आणि नुसतं वाक्य ठेवायचं. रोज कचेरीतून आले की कानांना हेडफोन लावून मी धाकटीला ऐकत बसायचे. सूड म्हणून कुणी दुसरी शिक्षा शोधली असती तर इतकी जमली नसती.

एका वाक्यानंतर रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. मेहुणे म्हणाले, झालं की छान, चल जेवायला.

"नाही हो," धाकटी म्हणाली. "वाक्य संपताना ताई कशी अलगद खाली येते, तसं नाही आलं. अप्पांना तिची सवय आहे. त्यांना फरक जाणवायला नको."

पुन्हा तेच वाक्य. पुन्हा एकदा. पुढच्या फाईलमध्येही तेच, मध्येच स्वतःशी पुटपुटणं, 'ताई असं नाही म्हणत.' मी हेडफोन काढून ठेवले. मला तिचा भयंकर राग आला. आता हिच्यावर धड जळताही येईना.

मग मीच फोन लावला. म्हटलं, वाक्यांचे शेवट नीट आलेले नाहीत, पुन्हा वाचावे लागतील.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. हरकतीचा विषयसुद्धा काढला नाही. "तू एकदा वाचून दाखव ना, ताई."

मी फोनवरच वाचलं, 'दार लोटून घ्या, वारा येतोय.' ती माझ्यामागून म्हणाली. मी म्हटलं, घाई करू नकोस, शेवटी श्वास सोड. तिने पुन्हा म्हटलं. मी चुका काढत राहिले, ती म्हणत राहिली. अखेर तिला जमलं.

मेलीचं माझ्यापेक्षाही चांगलं आलं.