चौकटीबाहेरचा आवाज

“शोभेऽ! मेली काय वं तिकडं? चहा मांडला का बाजार मांडला?”

आवाज आला आणि शाळेचा अख्खा हॉल हसला. यशोदाबाईंनाही हसू आलं. कोण बाई आहे ही, काय जीभ आहे हिची, असं म्हणायला त्या शेजारी बसलेल्या कोकिळाकडे वळल्या. कोकिळा त्यांच्या गल्लीतली, कापडाच्या दुकानवाली. तिनं पदर तोंडावर दाबून धरला होता आणि ती पडद्याकडे नाही, यशोदाबाईंकडेच बघत होती.

पडद्यावर नुसते दोन हात होते, कणीक मळणारे. मनगटावर भाजल्याचा जुना डाग, हिरव्या बांगड्या.

“कानात बोळे घातले काय? कवाची बोलावून राह्यली!”

हात थांबले. पीठ झटकून चौकटीबाहेर गेले. परातीत कणकेचा गोळा एकटा पडून राहिला. पावलं गेल्याची ऐकू आली, परत आल्याची ऐकू आली. हात पुन्हा कणकेत शिरले, तोच पुन्हा आवाज. “चश्मा कुठी ठेवला माहा?” हात पुन्हा गेले. या खेपेला हॉल आणखी मोठ्यानं हसला. पुढं बसलेली पोट्टी तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

तेव्हा कुठं यशोदाबाईंना उमगलं. आपला आवाज त्यांनी जन्मभर आतून ऐकला होता. आतून तो भारदस्त वाटायचा. बाहेरून तो असा येतो, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, हे त्यांना सत्तरी गाठेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची कुणाची टाप होती?

“मावशी, तुमीच होय न?” कोकिळानं शेवटी विचारलंच.

“मी नाई तं का तुही सासू?” यशोदाबाई म्हणाल्या. पण हळू म्हणाल्या, आणि हळू बोलता आपल्याला जमत नाही हे त्यांना तिथंच कळलं, कारण पुढच्या रांगेनं वळून पाहिलं.

नात मयुरी दहावीला. तिनं शाळेत मीडिया नावाचा विषय घेतला, तेव्हा घरात चार दिवस वाजलं होतं. यशोदाबाई स्वतः दुसरीतून उठलेल्या. मोबाइलात तोंड खुपसून बसायचाही विषय असतो आणि त्याचे मार्क मिळतात, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. पण मयुरीनं हट्ट सोडला नाही. बातमी कशी लिहायची, प्रश्न कसा विचारायचा, चित्र कुठं कापायचं, आवाज वेगळा कसा घ्यायचा, हे ती रोज आईला स्वयंपाकघरात सांगायची. पंधरा दिवस मोबाइल डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवलेला असायचा. ‘आईचा दिवस’ नावाची फिल्म करते म्हणाली होती. करू दे, यशोदाबाईंनी म्हटलं होतं, चपात्या लाटतानाची कोण पाहते!

सून शोभा आज आली नव्हती. “मले काय पाहाचं, मामीजी? रोजचंच हाये,” म्हणून ती घरी राहिली, आणि घरी कुणीतरी राहायला हवंच होतं.

दिवे लागले. वर्षाली मॅडमनी, म्हणजे मीडिया शिकवणाऱ्या बाईंनी, सांगितलं की जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी वर्ध्याला या शाळेतून एकच फिल्म जाणार, आणि ती मयुरीची. टाळ्या वाजल्या. मग मॅडम खाली उतरून यशोदाबाईंच्या खुर्चीपाशी आल्या.

“आजी, राग नाही ना आला?”

“राग यायले काय झालं? माहा आवाज हाये, चोरीचा थोडीच हाये!”

“तसं नाही. फिल्ममध्ये ज्यांचा चेहरा किंवा आवाज आहे, त्यांनी कॅमेऱ्यासमोर परवानगी द्यावी लागते. मयुरीच्या आईंची घेतलीये. तुमची राहिलीये. तुम्ही नको म्हणालात तर ही फिल्म आम्ही पाठवणार नाही. खरं तर आज दाखवायच्या आधीच विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं.”

मयुरी मॅडमच्या मागे उभी होती. खाली बघत. पोट्टीनं जीव मुठीत धरला होता ते यशोदाबाईंना दिसत होतं. त्यांनी चपला घातल्या आणि त्या चालू लागल्या.

घरी पोचेपर्यंत गोष्ट पुढे गेली होती. कारंजा गाव केवढं! मुलगा हेमराज हायवेवरचं हॉटेल नोकरावर टाकून आला होता.

“मिटव थे,” तो मयुरीला म्हणाला. “आत्ताच्या आत्ता. लोक आलुबोंडा खाता खाता मले इचारते, शोभे चहा मांडला का बाजार मांडला. माह्या मायची इज्जत वर्ध्याले नेऊन टांगतं काय?”

“बाबा, मी खोटं काई नाई टाकलं.”

“मिटव बेटा,” शोभा ताट वाढता वाढता म्हणाली. तिनं फिल्म पाहिलीही नव्हती. “मामीजीले नावं ठेवतीन लोक. मार्क काय, लेखी पेपरात मिळतीन.”

“तू नको बोलू माह्या बाजूनं,” यशोदाबाई कडाडल्या, आणि तिघंही गप्प झाले. कडाडल्यावर घर असं गप्प होतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. एरवी त्यांना वाटायचं, आपण बोललो आणि विषय मिटला.

जेवण झाल्यावर त्यांनी मयुरीला खाटेपाशी बोलावलं.

“तुहा आजा गेला तवा हेमराज पाळण्यात होता. हायवेच्या कडेले चार बांबू रोवून चुलीवर चहा ठेवला म्या. ट्रक थांबते कधी? आवाज दिल्याशिवाय कोनी थांबत नोहता. इंजिनाच्या वरून हाक मारली तं चहा इकला जाये. या आवाजावर हे घर उभं हाये. शिकवलं का तुह्या मॅडमनं हे?”

“मले माहीत हाये, आजी.”

“मंग?”

मयुरी खाटेच्या पट्टीशी चाळा करू लागली. “पन आई भिंतीपल्याडच असते न, आजी. मधात ट्रक नाई.”

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं, तर यशोदाबाईंनी त्याचं तोंड रंगवलं असतं. पोरीचा आवाज मात्र उद्धट नव्हता, उलट ती रडण्याच्या बेतात होती.

“बरं,” त्या म्हणाल्या. “टाक वर्ध्याले. पन मले दाखव. माहं तोंड टाक त्याच्यात. यशोदाबाई लपून ओरडते, असं कोनी म्हनू नये. सामोर बसून बोलते मी. नवं लुगडं नेसते, घे फोटो.”

“नाई जमत.”

“काऊन नाई जमत? मी काय भूत हाये?”

“मी लपवलं नाई तुले, आजी.” मयुरीनं डोळे पुसले. “मोबाइल मी आईपाशी ठेवला होता. पंधरा दिवस. तू एकदा बी त्याच्यात आली नाई. तिथं तू येतच नाई. नुसता आवाज येते.”

यशोदाबाईंनी आठवून पाहिलं. स्वयंपाकघरात आपण शेवटी कधी गेलो होतो? लोणच्याच्या वेळी? त्याला किती उन्हाळे झाले? आठवेना. त्या कुशीवर वळल्या. “जा झोप,” म्हणाल्या, आणि मयुरीला त्याचा अर्थ ना हो लागला ना नाही.

दुसरा दिवस रविवार. दुपारी हेमराज हॉटेलवर गेला, तसं यशोदाबाईंनी मयुरीला हाक मारायला तोंड उघडलं. पण आधी दारापर्यंत जाऊन पाहिलं आणि जवळून म्हटलं, “आन तुहा मोबाइल.”

मयुरीनं मोबाइल समोर धरला. यशोदाबाई ताठ बसल्या. डोक्यावरून पदर घेतला.

“नाव सांग, आजी. आन् परवानगी हाये म्हन.”

“यशोदाबाई वासुदेवराव ढोले. राहणार कारंजा घाडगे.” सरकारी माणसापुढे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. “ह्या फिल्ममधला आवाज माहा हाये. दुसऱ्या कोनाचा नाई. दाखवा कोनाले दाखवाचा थो. हेमराजले मी पाहून घेते.”

“शेवटचं नको होतं, आजी.”

“राहू दे. खरं हाये थे.”

मयुरी हसली. कालपासून पहिल्यांदा. मग म्हणाली, “आजी, आता एक मिनिट काईच नाई बोलाचं. मॅडमनं सांगतलं, घराचा रिकामा आवाज घेऊन ये. जिथं कापलं तिथं मधात थो भरावा लागते.”

“रिकामा आवाज कसा असते?”

“कोनी बोलत नसलं का जो उरते थो. आता गप.”

तिनं मोबाइल खाटेवर ठेवला आणि बोट ओठांवर धरलं.

यशोदाबाई गप्प बसल्या. आधी फ्रिज ऐकू आला. मग लांबवर नागपूरकडे जाणारा ट्रक. पत्र्यावर कबुतराच्या नख्या. मग भिंतीपलीकडून बांगड्या, पोळपाटावर लाटण्याचा ठेका, नळाचं पाणी. एकाच बाईच्या हालचालीला एवढे आवाज असतात! त्या कान देऊन ऐकत राहिल्या.

लाटणं थांबलं.

बराच वेळ काहीच नाही. पलीकडची बाई हात थांबवून हाकेची वाट बघते आहे, हे यशोदाबाईंना भिंतीतून दिसल्यासारखं कळलं. मग पावलं आली आणि शोभा दारात उभी राहिली. हाताला पीठ, चेहरा उतरलेला.

“मामीजी? बरं नाई वाटत काय? हाक नाई मारली तुमी.”

मोबाइल चालू होता. मयुरीनं बंद केला नाही. यशोदाबाईंनी तोंड उघडलं, मोबाइलकडे पाहिलं आणि मिटलं. मग त्या खाटेवर जरा सरकल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हातानं दोनदा थोपटलं.

शोभानं त्या जागेकडे पाहिलं. लगबगीनं पुढे आली, वाकली, काही सांडलं असेल म्हणून पदरानं ती जागा नीट पुसली, चादरीची सुरकुती काढली, आणि परत स्वयंपाकघरात गेली.