माती उपाशी नव्हती

रविवारी नानांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत सरकवली, तळ्याच्या काठावर पालथे पडले आणि उजवा हात पाण्यात घातला. माझ्या वडिलांची पाणी तपासायची ही रीत होती. हात कोपरापर्यंत गेल्यावर पंजा दिसेनासा झाला, की शेवाळ बेताचं आणि मासे पोटभर. त्या दिवशी मनगट बुडायच्या आतच बोटं दिसेनाशी झाली.

"लय हिरवं झालंय गं छाया," ते उठत म्हणाले. "पालक शिजवल्यावानी. मातीचा रिपोर्ट आला का?"

"नाही अजून."

रिपोर्ट शुक्रवारपासून माझ्या पर्समध्ये होता.

मग आम्ही घरी आलो, जेवलो. आईने नाशिकला न्यायला शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या. नानांनी मला नांदगावच्या स्टँडवर सोडलं आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. इतका साधा दिवस होता तो.

आमच्या या जमिनीत तीस वर्षं कांदा झाला. दोन वर्षांपूर्वी नानांनी खालच्या अंगाला तळं खोदलं. माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी, म्हणून इतरांसारखा प्लॅस्टिकचा कागद अंथरला नाही. रोहू आणि कटला सोडले. मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका ग्रंथालयात काम करते आणि छापलेल्या अक्षरावर जरा जास्तच विश्वास ठेवते. मत्स्यशेतीच्या एका पुस्तिकेत होतं, की पाण्यात शेवाळ धरावं म्हणून शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, आणि सुपर फॉस्फेट खत द्यावं. शेवाळावर बारीक जीव वाढतात आणि त्यावर मासे.

"ही माती उपाशी नाय," नाना तेव्हाच म्हणाले होते. "तीस वर्षं मीच खाऊ घातलंय तिला. कांद्याला टाकलेलं सगळं अजून तळाशी बसलेलं हाय."

"नाना, अंदाजाने नाही होत हे. शास्त्र आहे."

"बरं, मास्तरीणबाई."

मोटरच्या खोलीच्या भिंतीवर मी खडूने तारखा लिहून दिल्या. दर पंधरवड्याला घमेलंभर सुपर. त्यांनी एकही चुकवली नाही. फक्त मागच्या महिन्यात तळातली माती एका पिशवीत भरून माझ्या हातात दिली. "एकदा तपासून आण. तुझ्या पुस्तकाला इथली माती कशी म्हाईत असणार?"

रिपोर्टमध्ये स्फुरदापुढे, म्हणजे सुपरमधून जातं त्या फॉस्फरसपुढे, लिहिलं होतं, अत्यंत जास्त. पुढच्या रविवारी सांगू, असं मी ठरवलं. कसं सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते.

बुधवारी सकाळी नाना तळ्याच्या काठावर पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मोटर चालू होती. काठावर उंच टांगलेल्या पाइपातून पाणी परत तळ्यातच पडत होतं. ती का चालू होती, हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. दाट शेवाळ रात्रभर पाण्यातला प्राणवायू ओढतं, आणि पहाटे मासे तोंडं वर काढतात. पाणी उंचावरून पाडलं की थोडी हवा मिसळते. नाना त्या पहाटे धावले असणार. किती, ते कळायला आता मार्ग नाही.

सुतकात दहा दिवस घरच्यांनी कामाला हात लावायचा नाही, म्हणून तळं शेजारच्या मोतीरामकाकांनी सांभाळायला घेतलं होतं. चार दिवस आभाळ भरून होतं, ऊन नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता तळ्यावर गेले. कडेकडेने माशांची तोंडं वर आलेली. उघडत होती, मिटत होती. मी बाही सरकवून पालथी पडले आणि हात घातला. मनगटाआधीच बोटं दिसेनाशी झाली. पाणी कोमट होतं आणि त्याला वास येत होता.

"अगं, सुतकात काय हात घालती पाण्यात?" काका मागून आले. डोक्यावर घमेलं, त्यात सुपरची राखाडी भुकटी. मागोमाग आई, पदर तोंडाला लावून. सहा दिवसांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती.

"काका, रोज काय टाकताय यात?"

"शेणकाला. दोन दोन पाट्या. नाना कंजूष, एकच टाकायचा." ते हसले, मग आईकडे बघून त्यांनी हसू आवरलं. "आज सुपरची तारीख हाय. नानाचं काम अर्धं राह्यलं, असं कुणी म्हणायला नको."

"नका टाकू."

"का गं? भितीवर लिहिलंय की. अक्षर तुझंच ना?"

माझंच होतं. ठळक, एकाखाली एक, आखल्यासारखं.

"काका, ऐका माझं. आज नको."

"वैनी, तुम्हीच सांगा हिला."

आईने पदर खाली घेतला. "टाकू दे बाई. त्यांनी एक तारीख चुकवली नाय. पोरीनं लिहून दिलंय, म्हणायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती भित दाखवायचे."

हे मला माहीत नव्हतं.

काकांनी घमेलं खाली उतरवून कमरेशी धरलं आणि काठाकडे वळले. पाण्यात एक मोठा कटला कुशीवर होत होता, सावरत होता. मी घमेल्याची कड पकडली. आठवडाभर जुळवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

"आई, रिपोर्ट आला होता," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. "शुक्रवारीच. नानांनी विचारलं तेव्हा माझ्या पर्समध्ये होता आणि मी नाही म्हणाले. माती उपाशी नव्हती. नाना बरोबर होते. मी चुकले होते, आणि मला ते त्यांना सांगायची लाज वाटली. त्या पहाटे त्यांनी मोटर लावली ती माझ्या चुकीपायी."