मागे नेणारं बटण

मित्रांनो, मी टीव्हीचा एक जुना रिमोट आहे. माझी बाकीची बटणं ठणठणीत आहेत. मालिका दहा सेकंद मागे नेणारं तेवढं झिजून गुळगुळीत झालं आहे. ते कुणी झिजवलं, हे मी अभिमानाने सांगतो.

या घरातली आई मुलांच्या रुग्णालयात नर्स आहे. तिथे स्पॅनिश बोलणारी कुटुंबं येऊ लागली, म्हणून तिने पुस्तकावरून ती भाषा शिकायला घेतली. पण माणसं पुस्तकासारखी बोलतात थोडीच! मग ती रोज संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता स्पॅनिश मालिका बघू लागली. त्यातली हवेलीची मालकीण सावकाश, स्पष्ट बोलायची. आईने तिचीच वाक्यं वहीत उतरवली.

तिथेच घोटाळा झाला. तीन वर्षांच्या एका मुलीच्या कानाचं ऑपरेशन होतं. तिच्या स्पॅनिश बोलणाऱ्या आईला वहीतल्या वाक्यांनी धीर द्यायला ही गेली, तर ती बाई लेकीला छातीशी कवटाळून मागेच सरकली. काही केल्या सोडेना. ऑपरेशन दोन दिवस पुढे गेलं.

"असं काय बोलले गं मी?" घरी येऊन आईने आपल्या लेकीला तीच वाक्यं म्हणून दाखवली.

"अगं, तू त्या खडूस मालकिणीसारखी भुवई उडवतेस! मीसुद्धा घाबरले असते. त्याच मालिकेतल्या स्वयंपाकीणबाईंचं ऐक ना."

"तिचं तोंड म्हणजे सुसाट गाडी!"

"मग मागे घे. रिमोट कशाला आहे?"

दोन दिवस मी तिच्या घामेजल्या तळहातात होतो. एकेक वाक्य चाळीस चाळीस वेळा! 'नो ए पेगादो ओखो,' स्वयंपाकीण म्हणाली, आणि आई हरखली, "अय्या, हे तर आपलं डोळ्याला डोळा न लागणं!"

ऑपरेशनच्या सकाळी ती बाई दाराशी हेच पुटपुटली. आई तिच्या शेजारी बसली. स्वयंपाकिणीच्या मायाळू सुरात, स्पॅनिशमध्येच म्हणाली, "माझाही नाही लागला. तिचा हात मी सोडणार नाही." त्या बाईने लेकीचा इवलासा हात तिच्या हातात दिला.

"शुद्धीवर आल्या आल्या पाणी मागितलं तिने!" हे सांगताना आईचे डोळे भरून आले होते.

आता नवा रिमोट आला आहे. मी खणात असतो. मित्रांनो, आम्हा जुन्यांना ठेवून देताना सेल तेवढे काढा, ते पोटात पाझरतात. आणि एक ऐका. घरी जाताना त्या बाईने भरभरून काही सांगितलं. आईला निम्मं कळलं नाही. तिने उगाच मान डोलावली नाही. "पुन्हा सांगा ना," म्हणाली. आणि त्या बाईने लेकीला कडेवर घेऊन, सगळं पहिल्यापासून सांगितलं.