प्रमिलाकाकूंची दोरी

खारी गावामागच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर प्रमिलाकाकू एकट्या राहायच्या. मी त्यांची धुणीभांडी करायचे. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नसे, म्हणून रोज सकाळी बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायच्या आणि दूधवाल्याने त्यात दूध टाकलं की वर ओढून घ्यायच्या.

त्या दिवशी आठ वाजता मी आले, तर दूध अजून खालीच लटकत होतं. मी दोरीला हिसका दिला. वरून कोणीतरी हळूच दोनदा ओढलं, पण पिशवी वर गेली नाही. काकू पडल्या असणार, पण जिवंत होत्या!

मी धावत वर गेले. दाराला ते मेलं मोबाइलवालं कुलूप. "आई कोणालाही आत घेते," म्हणून दुबईच्या जितेंद्रने, त्यांच्या मुलाने बसवलेलं. बाहेरून उघडायचं तर त्याच्याच मोबाइलवरून. वीस फोन लावले. रविवार होता, साहेब झोपलेले.

"दार तोडा ना!" जमलेल्या शेजाऱ्यांसमोर मी सोसायटीच्या सेक्रेटरीवर ओरडले.

"मुलाला न विचारता कसं तोडणार? उद्या आमच्यावर यायचं," तो म्हणाला.

मी परत खाली पळाले, दोरी ओढली. या वेळी वरून एकदाच ओढ आली.

"काकू, थांबा हां, येतोय आम्ही!" मी खालून बोंबलत राहिले.

दहा वाजता जितेंद्र उठला आणि त्याने दुबईतून एका बोटाने दार उघडलं. वर सगळे आनंदाने ओरडले, "उघडलं, उघडलं!"

माझ्या हातातली दोरी तासाभरापासून हलली नव्हती.