अकरावी घागर

स्टीलच्या भांड्यातल्या पाण्याच्या प्लेटीत दोनशे चार ठिपके होते. तांब्याच्या घागरीतल्या पाण्याच्या प्लेटीत एकशे अठ्ठ्याण्णव. नाजियानं दोन्ही प्लेटी उलट्या धरून, प्रत्येक ठिपक्यावर मार्करनं खूण करत दोनदा मोजल्या. आकडे तेच आले. एक ठिपका म्हणजे जंतूंची एक वसाहत. विहिरीचं एकच पाणी, सोळा तास दोन भांड्यांत ठेवलेलं, आणि फरक सहाचा. सहाला फरक म्हणत नाहीत.

"म्हणजे पेपरवाल्यांनी फेकलीच," प्रयोगशाळेतल्या शेजारच्या टेबलावरून तिची वर्गमैत्रीण मनस्विनी म्हणाली.

"फेकली म्हणू नको. आपल्याला आढळलं नाही, एवढंच म्हण."

"हाव गं बाई, न्यायाधीश."

नाजिया नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पेपरात विज्ञानाची बातमी दिसली की ती कापून वहीत चिकटवायची आणि खाली पेन्सिलीनं प्रश्न लिहायची. कुणी शोधलं? किती वेळा? कशाशी तुलना केली? 'तांब्याच्या भांड्यातील पाण्यात जंतू मरतात, शास्त्रज्ञांचा निष्कर्ष' या कात्रणाखाली तिन्ही जागा रिकाम्याच होत्या. हे कात्रण मात्र तिचं नव्हतं. ते सौदामिनीबाईंनी तिच्या वडिलांच्या दुकानात आणलं होतं.

वडील खाजामियाँ कल्हईवाले. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पांढरा थर देणं हे घरचं तीन पिढ्यांचं काम. सौदामिनीबाई निवृत्त शिक्षिका. मुदखेडजवळच्या आपल्या जुन्या शाळेत मुलांना प्यायच्या पाण्यासाठी त्यांनी घरोघर मागून अकरा तांब्याच्या घागरी जमवल्या होत्या. सगळ्यांची कल्हई उडालेली, आतून लालभडक.

"खाजाभाई, बाहेरून चकचकीत करा, आतून काही लावू नका. पाणी तांब्याला लागलं पाहिजे."

"बाई, बिनकल्हईचं भांडं या दुकानातनं कधी गेलं न्हाई. उद्या कुणी त्यात ताक ओतलं, कळकलं, लेकरं ओकायला लागली, तर नाव कुणाचं? खाजाचं."

"अहो, शास्त्रज्ञ सांगतात!"

"शास्त्रज्ञ माझ्या घरात पण एक हाय. ती मोजंल. पोरगी म्हणली बाईंचं खरं, तर एकाही घागरीला आतून हात लावणार न्हाई. न्हाई म्हणली, तर अकराच्या अकरा पांढऱ्या."

बाई हसून कबूल झाल्या. म्हणून नाजियानं घरातली घागर भरून हे मोजमाप केलं होतं. तिनं कॉलेजातूनच फोन लावला.

"अब्बा, काही फरक नाही आला."

"मला ठाऊकच होतं!" खाजामियाँ ओरडले, आणि लगेच पलीकडून भट्टीचा पंखा सुरू झाल्याचा आवाज आला.

दुपारी घरी आल्यावर तिनं घागर ओतायला म्हणून अंगणात आडवी केली. ऊन सरळ आत गेलं. आत पांढरं होतं. चांदीसारखं पांढरं, काठापासून बुडापर्यंत.

कल्हईवाल्याच्या घरात बिनकल्हईचं तांबं येणार कुठून? सोळा तास पाणी कथलाला लागून होतं, तांब्याला नव्हतंच. पेपराला तीन प्रश्न विचारताना आपल्या घागरीत डोकावून बघायचं तिला सुचलं नव्हतं.

दुकान पाच मिनिटांवर. ती तीन मिनिटांत पोचली. भिंतीकडेला दहा घागरी ओळीनं, आतून लखलखीत पांढऱ्या. अकरावी निखाऱ्यावर तापत होती आणि अब्बांच्या चिमटीत कथल धरण्यासाठी टाकायचा नवसागर होता.

"अब्बा, थांबा!"

"आता काय झालं?"

"माझं चुकलं. म्हणजे मोजणं बरोबर आहे, भांडं चुकलं. आपल्या घागरीला कल्हई आहे."

"असणारच की! खाजाच्या घरात बिनकल्हईची असंल होय?"

"तेच तर! मी तांबं तपासलंच नाही. तुमचं काम तपासलं."

खाजामियाँनी भट्टीचा पंखा बंद केला. "अगं, बाईंना फोन केला मी. माझ्या पोरीनं मोजलंय म्हणलो. बाई म्हणल्या, मग लावा कल्हई."

"परत करावा लागेल."

"आणि बाईंचं खरं निघालं तर? या दहांचं काय करू?"

"निघेल का, ते मोजल्याशिवाय मला नाही सांगता येणार."

त्यांनी चिमटीतला नवसागर परत डबीत टाकला. सांडशीनं घागर खाली उतरवली. "दहा सोलायच्या म्हणजे चार दिवस मोडतील," ते म्हणाले. "पण बोललो ते बोललो. गार झाली की ने."

या वेळी भांडी तीन होती. स्टीलचं पातेलं, घरची घागर आणि अकरावी. अकरावी तिनं वाळूनं घासली, राखेचा कणही राहू नये म्हणून चारदा विसळली. विहीर तीच. दुपारी चारला भरलं, सकाळी आठला नमुने घेतले. प्लेटी दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी सौदामिनीबाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. खाजामियाँ फडक्याला हात पुसत उभे होते. हात कधीचेच कोरडे झाले होते.

"ताकाचं माझं खरं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "त्यात ताक ठेवायचं न्हाई."

"ते मान्य आहे हो. घागरींवर तसं रंगवून घेईन," बाई म्हणाल्या. "पाण्याचं सांग गं, नाजिया."

नाजियानं वही उघडली. कात्रणाखाली आता चौथा प्रश्न होता: भांडं आतून कशाचं? त्याच्याखाली शाईनं लिहिलेले आकडे तिनं वाचले.

"स्टील, दोनशे एक. कल्हईची घागर, एकशे पंच्याण्णव. बिनकल्हईची घागर, चार."