जानरावांची तिरडी

आमचे हे, जानराव, पंचवीस वर्षं रोज संध्याकाळी मरत आणि उठून गाणं म्हणत. लोक त्यासाठी तिकीट काढत.

अमरावतीला कॉलेजात असताना यांनी गिटार आणि ड्रमवाली पोरं जमवली. पोस्टरवर नुसतं 'जान' लिहायचे. अंधारात हलगी वाजायची, चार जण खांद्यावर तिरडी घेऊन यायचे, पुढे एक जण मडकं धरून. मधोमध तिरडी उतरवली की हे कफन फाडून उडी मारायचे, अंगाला राख, डोळ्यांभोवती काजळी, आणि 'मसणवरात' हे गाणं सुरू व्हायचं. पोरं शिट्ट्या मारायची. रिसोडला पहिला कार्यक्रम झाला तेव्हा सासूबाईंना कोणी काही सांगितलं नव्हतं. तिरडीवर आपला पोरगा दिसताच सासूबाईंनी, गोजराबाईंनी, असा हंबरडा फोडला की सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. पुढे बरीच वर्षं त्या हंबरड्याची टेप लावत असत.

मी एकही कार्यक्रम पाहिला नाही. सकाळी तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, सोमवार, चतुर्थी, वडाची पूजा, हे सगळं मी ज्यांच्यासाठी करायची ते तिकडे तिरडीवर निजायचे. यावर आम्ही कधी भांडलो नाही. त्यांचं काम त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी.

मग लोकांना दुसरी गाणी आवडू लागली आणि हे आपल्या गावी, आसेगावला, येऊन शेती पाहू लागले. सासूबाई ओट्यावर बसून म्हणायच्या, "माह्या पोराले मेलेला पाहाले लोकं पैसे देत होते. आता जिता घरी बसला तं कोणी चहा नाही पाजत."

गेल्या वर्षी अकोल्याला यांची छाती उघडावी लागली. घरी आल्यावर पलंगावर बसून यांनी एक गाणं केलं, 'टाके' नावाचं. संथ आहे. 'माह्या छातीले दोऱ्यानं शिवलं, आता जपून हसा म्हणतात,' असं सुरू होतं. पुतणीनं ते मोबाईलवर टाकलं आणि कुठून कुठून लोकांचे फोन येऊ लागले. त्यातला एक ऋषिकेशचा. हा तरुण गाण्यांचे कार्यक्रम भरवायचा, वाशीमचाच.

"जानकाका, वाशीमले मोठा कार्यक्रम करू. 'टाके' शेवटी. पण एन्ट्री तिरडीवरूनच पाह्यजे बरं का."

हे हसून हो म्हणाले. किती वर्षांनी इतकं हसले.

तालमीसाठी ऋषिकेश बांबू आणि माणसं घेऊन घरी आला. अंगणात तिरडी बांधू नका, एवढंच मी म्हटलं, म्हणून त्यांनी ती सोयाबीनच्या टिनाच्या शेडमध्ये बांधली. मी पाणी घेऊन गेले होते. हे आडवे झाले. चौघांनी उचललं, आणि यांची मूठ बांबूवर आवळली. कपाळावर घाम आला. "उतरवा, उतरवा, पाठीत उसण भरली," असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बांबू कच्चे निघाले. तिसऱ्या दिवशी हलगीवाला बेताल होता. प्रत्येक वेळी काही तरी निघे आणि हे तिरडीवर चढत नसत. मेल्याचं सोंग सहज करणारा माणूस आता त्याला भीत होता, आणि हे कोणाला कळू नये म्हणून तो त्याहून जास्त भीत होता.

ऋषिकेश आमच्या बैठकीत येऊन बसला. "काका, साफ बोला. तिरडी नाही तं लोकं तिकिटं वापस मागतीन. काहून टाळून राह्यले तुमी?"

हे जमिनीकडे पाहत राहिले. मी आतून चहा आणला होता. तो खाली ठेवून म्हटलं, "बाबू, त्यायचं काही नाही. माहा नेम आहे. हे गाऊन घरी येतपर्यंत मी मीठ सोडलं. यायचं आंग तिरडीले लागलं तं नेम मोडन."

"अरे देवा! मंग आधी सांगाचं ना काकू. नेमापुढे मी काय बोलू?"

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तासाभरापूर्वी आम्ही दोघांनी एकाच ताटातलं पिठलं खाल्लं होतं, आणि त्यात मीठ जरा जास्तच पडलं होतं. तोंडून निघालं तो नेम झाला. त्या संध्याकाळपासून मी अळणी जेवू लागले.

कार्यक्रमाला मी आणि सासूबाई तिसऱ्या रांगेत बसलो. सात वाजता हे चालत आले, साध्या पांढऱ्या सदऱ्यात, राख नाही, काजळी नाही. लोक थोडा वेळ वाट पाहत राहिले. मग मागून आवाज सुरू झाला, "तिरडी! तिरडी आणा!" सासूबाई मागे वळून म्हणाल्या, "तुह्या बापाले झोपव, मेल्या!"

पडद्याआडून ऋषिकेश हातवारे करत होता. काकूच्या नेमाचं सांगा, असं तो म्हणत असावा. यांनी सांगितलं असतं तरी माझी हरकत नव्हती. नेम त्याचसाठी होता.

यांनी माईक धरला. "बायकोचा नेम आहे असं सांगाले मले सांगतलं हाय. तिचा नेम खरा आहे. पण ते कारण नाही. मले भेव वाटते. आता त्याच्यावर झोपलो तं उठनं होईन का नाही, मले माहीत नाही."

मग कोणी तरी ओरडलं, "मंग आता कायचा जान!" हशा झाला. काही जण उठले. त्यांच्या मोटारसायकली सुरू झाल्याचा आवाज येत असतानाच गिटार वाजू लागली. हे 'टाके' म्हणू लागले. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. यांनी गिटारवाल्याला हातानं थांबवलं, श्वास घेतला आणि ते कडवं पुन्हा म्हटलं. जे बसले होते ते बसूनच राहिले. माझ्या शेजारची बाई पदरानं नाक पुसत होती, पण तिला सर्दीही असेल.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, पूर्वीसारख्या नाहीत. हे तिथेच उभे राहिले. इतकी वर्षं शेवटचं गाणं झालं की तिरडीचे ते चौघे पुन्हा येऊन यांना उचलून न्यायचे. स्वतः उतरायची वेळ कधी आलीच नव्हती. यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. पायऱ्या उजवीकडे होत्या. बांबूचा कठडा धरून हे एकेक पायरी उतरत खाली आले, आणि सासूबाई म्हणाल्या, "हळू उतर, घाई नाही."