दुसऱ्या विभागातलं वर्ष

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या ट्रेगारिक गावाचा रग्बी क्लब लीगच्या दुसऱ्या विभागात एकच वर्ष खेळला. त्याआधी कधी नाही आणि त्यानंतरही नाही. पण गावात आजही कुणी नुसतं ‘त्या वर्षी’ म्हणालं, की कुठलं वर्ष ते कुणी विचारत नाही. ते त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं वर्ष होतं, आणि संघाचा कप्तान होता मर्विन क्लेमो.

मर्विन तेव्हा चौतिशीचा होता. गावामागच्या चिनी मातीच्या खाणीत तो पाण्याचा झोत मारून डोंगर धुवायचा. कितीही घासलं तरी कानामागे पांढरं काहीतरी राहायचंच. बाहेरगावी खेळायला गेलं की तिथले प्रेक्षक ओरडायचे, “बेकरीतून थेट आलास काय रे?” मर्विन हात हलवून त्यांना दाद द्यायचा. बोलणं हे त्याचं काम नव्हतं. बोलण्यासाठी शेजारी पर्सी होता.

पर्सी रंडल गावात टपाल वाटायचा. काड्यांसारखे पाय, रुंद खांदे आणि न थकणारी जीभ. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकून एकमेकांना भिडतात आणि रेटतात, तेव्हा पुढच्या तिघांत मधली जागा पर्सीची. डावीकडे गेरन हॉकिंग, गाईगुरांचा माणूस, आणि उजवीकडे मर्विन. मधल्या गड्याचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या पाठीवर. तो जवळजवळ लोंबकळत असतो आणि पायाने चेंडू मागे ओढतो. हात गुंतलेले, मान पुढे. पडला तर सावरायला काही नाही. सगळा भरवसा शेजाऱ्यांवर. ही तिघं असे बारा-तेरा हिवाळे एकमेकांना धरून वाकली होती. पर्सीची उजवी मूठ मर्विनच्या काखेखाली जर्सीला इतकी घट्ट असायची, की रविवारी तिथे जांभळा डाग हमखास. मर्विनची बायको लव्हडे म्हणायची, “माझ्यापेक्षा तोच तुला जास्त घट्ट धरतो.”

पर्सी घरचाही होताच. मर्विनची धाकटी बहीण टॅमझिन त्याला दिलेली.

वरच्या विभागात गेल्याचा आनंद सप्टेंबरभरच टिकला. पहिल्याच सामन्यात समोर आलेले गडी पाहून गेरन म्हणाला, “एवढे बैल माझ्या गोठ्यात असते तर मी इथे कशाला आलो असतो?” ते हरले. पुढच्या शनिवारी हरले, त्याच्या पुढच्याही. एका सामन्यासाठी इंग्लंडचं दुसरं टोक गाठायचं, त्यासाठी शुक्रवारीच बसने निघायचं, आणि पन्नास गुण खाऊन परत यायचं. तरी घरच्या मैदानावर गर्दी हटेना. पावसात मैदानाकडेच्या टेकाडावर उभं राहून माणसं मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या खायची आणि आपल्याच पोरांना शिव्या घालायची. शिव्यांत माया असायची.

ऑक्टोबरात नॉर्थम्बरलँडहून हरून निघायच्या आधी, कपडे बदलायच्या खोलीत, मर्विनला ते दिसलं. पर्सी भिंतीकडे तोंड करून शर्टाची बटणं लावत होता. लावत होता म्हणजे प्रयत्न करत होता. उजव्या हाताची बोटं बटणावरून घसरत होती. शेवटी त्याने शर्ट तसाच स्वेटरखाली झाकला.

“काय झालं हाताला?” मर्विनने विचारलं.

“गारठलाय. इथली थंडी बघितलीस ना?”

“डावा नाही गारठला?”

“डावा इथलाच असेल,” पर्सी म्हणाला आणि हसला. मर्विन हसला नाही. कारण दोन सामन्यांपासून त्याच्या काखेखाली डाग उठत नव्हता.

त्याने आणखी एक आठवडा जाऊ दिला. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर, उत्तरार्धात, समोरच्यांनी जोर लावला आणि मर्विनच्या पाठीवरची मूठ सुटली. सावकाश नाही, एकदम, दोरी तुटावी तशी. स्क्रम मधोमध खचला. चिखलात तोंड रुतलेलं असताना मर्विनला शेजारी पर्सीचा श्वास ऐकू आला, मग ऐकू येईना, मग पुन्हा आला. उठल्यावर पर्सी म्हणाला, “घसरलो.” पंचाने मान डोलावली. 

रविवारी चर्चची मंडळी पांगल्यावर तो बहिणीच्या घरी गेला. टॅमझिन माळावरच्या आजारी काकूकडे गेली होती. पर्सी मागच्या अंगणात कोबीच्या वाफ्यात उभा होता.

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं.” पर्सीने खुरपं डाव्या हातात घेतलं. “मानेतली नस दबलीय म्हणे. विश्रांती घे म्हणतो. त्याला काय कळतंय, तो क्रिकेटवाला.”

“टॅमला सांगितलंस?”

“नाही. आणि तूही सांगू नकोस.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “ख्रिसमसपर्यंत, मर्व. एवढी वर्षं चिखल तुडवला तो हे वर्ष बघायला ना? ख्रिसमसपर्यंत खेळू दे. मग मी आपण होऊन थांबतो.”

“काल तुझा श्वास थांबला होता.”

“क्षणभर. तू मोजत होतास काय?”

मर्विन अंगणातून निघाला. तो घरी आला, जेवला नाही, आणि सोमवारी कामावरून परस्पर हॉस्किन सरांकडे गेला. सर आता संघाचे प्रशिक्षक होते, पण त्याआधी त्यांनी अर्ध्या संघाला शाळेत कवायत शिकवली होती, म्हणून सगळे अजून त्यांना सरच म्हणायचे. मर्विनने उभ्याउभ्याच सांगितलं. 

“त्याला तू सांगतोस की मी?” सरांनी विचारलं.

“मी सांगतो सर. मी कप्तान आहे.”

मंगळवारी सरावाला पर्सी जर्सी चढवून आला, तेव्हा मर्विनने त्याला फाटकापाशीच थांबवलं आणि आता खेळायचं नाही असं सांगितलं. टॅमझिनलाही आपण सांगितलंय, हेही सांगितलं. पर्सीने सगळं ऐकून घेतलं.

“हिला विधवा करायला नको म्हणून?”

“हो.”

“मग आता ऐक,” पर्सी म्हणाला. “तुझ्यामाझ्यात जे बोलणं होतं ते संपलं.” आणि तो जर्सीसकट घरी गेला.

त्याने शब्द पाळला. टपाल द्यायला यायचा तेव्हा मर्विनच्या दारात पत्रं टाकायचा आणि पाठ फिरवायचा. ख्रिसमसच्या जेवणाला सासूच्या टेबलावर समोरासमोर बसून त्याने मर्विनकडचे बटाटे टॅमझिनकरवी मागवले. म्हातारी म्हणाली, “दोघं शाळेत तरी जा परत.” कुणी हसलं नाही.

पर्सीच्या जागी प्लिमथच्या गोदीत काम करणारा नील स्पिलर आला. बावीस-तेवीसचा, तगडा, अदबीने वागणारा. पण टेमर नदीपलीकडचा, म्हणजे परगण्याच्या हद्दीबाहेरचा, म्हणून गावाने त्याचं नाव परदेशी ठेवलं. आणि गंमत अशी की स्पिलर आल्यापासून स्क्रम मागे हटेनासा झाला. नोव्हेंबरअखेर ते पहिला सामना जिंकले. टेकाडावरच्या लोकांनी टोप्या उडवल्या, गेरनला रडू फुटलं. मर्विनला खांद्यावर घेतलं गेलं, आणि वरून त्याची नजर सारखी गर्दीत फिरत राहिली. पर्सी नव्हता. बाहेरगावहून परतताना बसमध्ये मर्विनशेजारची पर्सीची खिडकीची जागा रिकामी असायची. तिथे कुणी बसत नव्हतं, आणि बसू नका असं कुणी सांगितलंही नव्हतं.

स्पिलरचं एकच दुबळं अंग होतं. चेंडू रेषेबाहेर गेला की तो डोक्यावरून आत फेकणं हुकरचंच, म्हणजे स्क्रममधल्या मधल्या गड्याचंच, काम. दोन्ही संघ रांगा धरून उभे असतात, आणि चेंडू बरोबर मधून जावा लागतो. स्पिलरचा चेंडू कधी डावीकडे जायचा, कधी उजवीकडे, एकदा तर थेट पंचाच्या कानावर गेला. तीन सामने त्यापायी गेले.

जानेवारीत एका गुरुवारी, पाऊस भुरभुरत असताना, सरावाच्या मैदानाच्या कडेला टपालवाल्याचा कोट दिसला. पर्सी कुंपणाला टेकून बघत होता. स्पिलरचे पाच-सहा चेंडू वाकडे गेल्यावर त्याला राहवलं नाही.

“ए परदेशी,” तो म्हणाला, “चेंडू फेकतोयस की कोंबडं हाकलतोयस?”

स्पिलर वळला. हा कोण ते त्याला ठाऊक होतं. “तुम्ही दाखवा ना,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

पर्सी कुंपण ओलांडून आला. त्याने स्वतः एकही चेंडू फेकला नाही. स्पिलरच्या कोपरांना धरून ती जवळ आणली, पाय जुळवले, हनुवटी वर केली. “छपराच्या त्या कौलाकडे बघ. माणसाकडे बघू नको, माणूस हलतो.” तासाभराने चेंडू सरळ जायला लागले. निघताना पर्सीने मर्विनकडे न बघता स्पिलरला सांगितलं, “तुझ्या कप्तानाला म्हणावं, त्याचं बूड वर राहतंय. समोरचा त्याला आतून उचलतोय.”

मर्विन चार पावलांवर उभा होता. स्पिलरने दोघांकडे पाहिलं. “कप्तान, पर्सी म्हणतात...”

“ऐकलं मी,” मर्विन म्हणाला. “त्याला सांग, मला ते माहितीय.”

“ते म्हणतात, माहितीय.”

“माहितीय तर खाली का नाही घेत, विचार.”

गेरन चिखलात बसून हसत होता. सरांनी शिट्टी तोंडात धरली पण वाजवली नाही. त्यानंतर दर गुरुवारी पर्सी यायचा आणि बिचाऱ्या स्पिलरला दुभाष्याचं काम करावं लागायचं. त्या हिवाळ्याचं नाव काढलं की मर्विनला जिंकलेले सामने नंतर आठवतात. आधी आठवतं ते हे: भुरभुर पाऊस, वाफाळणारे खांदे, आणि पर्सीचा आवाज, दुसऱ्याच कुणाला काहीतरी सांगणारा.

बूड मात्र मर्विनने खाली घेतलं. ते चार सामने जिंकले, दोन हरले, पुन्हा जिंकले. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी हिशेब अगदी सोपा झाला. घरचा सामना, समोर मिडलँड्सचा वॉरबरी क्लब. जिंकलं तर वर राहायचं, नाहीतर खाली.

त्या दिवशी ऊन पडलं होतं. मातीचे पांढरे ढिगारे गावामागे लखलखत होते. टेकाडावर पाय ठेवायला जागा नव्हती, दुकानं दुपारीच बंद झाली होती. वॉरबरी चांगले होते, आणि ट्रेगारिक त्या दिवशी त्यांच्याइतकेच चांगले होते. शेवटी शेवटी दोघांचे गुण सारखे झाले आणि समोरच्यांच्या गोलरेषेपासून पाच पावलांवर ट्रेगारिकला स्क्रम मिळाला. मर्विन वाकला. स्पिलरची मूठ पाठीवर बसली. पाठीमागून सगळा गाव रेटतोय असं वाटलं. ते एक पाऊल सरकले, दुसरं सरकले, चेंडू मागच्या गड्याच्या पायाशी आला, आणि तिथे तो चिखलातून निसटला. वॉरबरीच्या पोराने तो उचलून लांब बाहेर मारला. शिट्टी झाली.

सामना बरोबरीत सुटला. ट्रेगारिक खाली गेलं.

 मग टेकाडावरच्या एका म्हातारीने टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनी वाजवली, बराच वेळ. वॉरबरीचे गडी दोन रांगा करून उभे राहिले आणि त्यांनी यजमानांना मधून जाऊ दिलं.

तेव्हा कपडे बदलायच्या खोलीमागे एक मोठा हौद असायचा. खेळ संपला की सगळे त्यात उतरायचे. पाणी आधी कढत असायचं आणि मग चहासारखं तांबूस व्हायचं. त्या दिवशी पंधरा जण त्यात बसले होते. दार उघडलं आणि पर्सी आत आला. त्याने बूट काढले, मोजे काढले, बाकी कपडे डाव्या हाताने एकेक करून उतरवले. कुणी मदत केली नाही, त्याला आवडलं नसतं. मग तो हौदाच्या काठाशी येऊन उभा राहिला.

“सरक,” तो म्हणाला.

मर्विनने वर पाहिलं. स्पिलर सवयीने म्हणाला, “कप्तान, पर्सी म्हणतात...”

“तू गप रे,” पर्सी म्हणाला. “मी याच्याशी बोलतोय.”

मर्विन सरकला. पर्सी पाण्यात उतरला आणि त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसला. पाणी गार व्हायला लागलं होतं.

“शेवटच्या स्क्रमला बूड खाली होतं,” पर्सी म्हणाला.

“होतं?”

“होतं. मी बघितलं.” मग पाण्याकडे बघत तो म्हणाला, “टॅमने मला घटस्फोटाची धमकी दिली नव्हती, हे तुला माहीत असू दे. मी आपणहून आलोय.”

मर्विनने मान हलवली. त्याने तोंडावर पाणी मारलं. गेरनने मग एक जुनं, अर्धं अश्लील गाणं काढलं आणि पंधरा जण बेसूर ओरडू लागले.

पुढच्या वर्षी पर्सीच्या मानेचं ऑपरेशन झालं. बोटांत जीव आला, पूर्ण नाही, पण बटणापुरता आला. मर्विन आणखी एक हिवाळा खेळला आणि थांबला. नंतर खेळात पगार आले, बाहेरगावचे तगडे लोक आले, आणि क्लब हळूहळू खालच्या विभागात रमला. हौद बुजवून तिथे शॉवर बसवले. हॉस्किन सर गेले. स्पिलर गावातच लग्न करून राहिला, त्याची मुलगी आता मुलींच्या संघात खेळते, आणि तिलाही परदेशीणच म्हणतात.

शनिवारी दोघं मेहुणे टेकाडावर शेजारी शेजारी उभे असतात. पर्सी पंचाशी भांडतो, मर्विन ऐकतो. मागच्या हिवाळ्यात एका नव्या पोराने विचारलं, “पुन्हा तरुण झालात तर तेच वर्ष खेळाल का?”

“सगळं?” पर्सीने विचारलं. “नॉर्थम्बरलँडसकट?”

“सगळं.”

पर्सीने विचार केला. “याला विचार,” तो म्हणाला.

मर्विन खालच्या मैदानाकडे बघत होता. तिथे दोन्हीकडची पोरं वाकत होती आणि त्यांच्या पाठींवरून वाफ निघत होती. “उद्या सकाळी सुरू करू,” तो म्हणाला. “आज गुडघा दुखतोय.”